पेटीतले रुमाल

अम्मीच्या इंतेकालनंतर काही दिवसांनी आम्ही तिघी बहिणींनी तिची लोखंडी पेटी उघडली. वर निकाहची साडी, खाली दोन शाली आणि अगदी तळाशी, जुन्या ओढणीत बांधलेले क्रोशाचे रुमाल. मोजले तर तेवीस निघाले. पांढऱ्या दोऱ्याचे, कुणाला अननसाची नक्षी, कुणाला चांदणी, कुणाला नुसती जाळी. प्रत्येक घडीत एक डांबरगोळी. घडीच्या जागी दोरा पिवळा पडला होता आणि चार रुमाल तर उलगडतानाच घडीवर तुटले. "वापरले की खराब होतात," असं अम्मी नेहमी म्हणायची. न वापरताही ते खराब झाले होते.

वाटणीची वेळ आली तेव्हा मात्र गंमत झाली. रुमालांवर कुणाचाच हात पडेना. "तू घे", "नको, तूच ठेव", असं चाललं होतं. आणि स्वयंपाकघरातल्या पाण्याच्या जगवरचं ते जाळीचं झाकण, हिरव्या मण्यांचं, चहाचे डाग पडलेलं, एका बाजूनं दोनदा सांधलेलं, ते तिघींनाही हवं होतं. मोठ्या आपानं ते नेलं. मला अजून थोडं वाईट वाटतं, हे लपवत नाही.

त्यानंतर मी घरोघरी बघायला लागले. आपल्या घरांत क्रोशाचं काम नाही असं घर विरळा. कुणाच्या नानीनं केलेलं, कुणाच्या सासूबाईंनी जहेजमध्ये आणलेलं. पण ते असतं कुठं? पूर्वी टीव्हीवर असायचं. खोक्यासारखा जाडजूड टीव्ही, त्यावर लोंबता रुमाल आणि रुमालावर प्लॅस्टिकची फुलं. टीव्ही चपटा होऊन भिंतीवर गेला आणि रुमालाची नोकरी सुटली. रेडिओ गेला, टेलिफोन गेला, त्यांच्यावरची वस्त्रंही पेटीत गेली. नुसती शोभेची वस्तू शोभेची जागा गेली की निराधार होते. जगचं झाकण मात्र टिकलं, कारण माशी अजून आहे.

आणि धूळ आहे. आमचं शिक्रापूर पुणे–नगर रस्त्यावर. इकडे सणसवाडी, तिकडे रांजणगावची एमआयडीसी, मधे चाकणहून येणारा रस्ता मिळतो. दिवसरात्र कंटेनर चालू. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटानं नाव लिहिता येतं. अशा गावात झाकण ही चैन नाही. रमजानमध्ये दस्तरखानावर शरबताचे ग्लास भरून ठेवायचे आणि मगरिबच्या अजानची वाट बघायची, त्या दहा मिनिटांत ग्लासात काय काय पडतं हे ज्यांचं घर रस्त्याला लागून आहे त्यांनाच ठाऊक.

जाळीच का, साधं कापड का नाही, असं माझ्या धाकटीनं विचारलं होतं. प्रश्न बरोबर आहे. कापड ओलं झालं की ग्लासाला चिकटतं, वाऱ्यानं उडतं, आणि आत काय आहे ते दिसत नाही. जाळीतून वारा जातो म्हणून ती पतंगासारखी उचलली जात नाही. कडेच्या मण्यांचं वजन तिला खाली धरून ठेवतं. दूध गरम असेल तर वाफ बाहेर जाते, माशी आत येत नाही. म्हणजे जाळीतली भोकं ही नक्षी असतात आणि तीच काम करत असतात. मणी दागिना असतात आणि तेच वजनही असतात. क्रोशाच्या लहान वस्तूंमध्ये मला आवडतं ते हेच. शोभा आणि उपयोग यांची शिवण कुठे आहे ते सापडत नाही.

हे झाकण कसं करायचं ते सांगते. ज्यांना साखळी आणि खांब येतात त्यांना एका संध्याकाळचं काम आहे. दोरा जरा जाड सुती घ्यावा. बाजारात निटिंग कॉटन म्हणून मिळतो तो चालेल. रुमालाचा बारीक वीस नंबरी दोरा घेतलात तर हेच झाकण बांगडीएवढं होईल. दहा साखळ्या घालून त्यांचं कडं जोडा. कड्यात चोवीस खांब घाला. पहिल्या खांबाऐवजी तीन साखळ्या धरायच्या, हे सगळ्यांना माहीत आहेच. दुसऱ्या फेरीत दोन खांब, एक साखळी, दोन खांब, एक साखळी, असं करत जा. खांबावरच खांब येईल आणि दोन-दोन खांबांच्या बारा जोड्या होतील. तिसऱ्या फेरीत जोड्या तशाच ठेवून मधे दोन साखळ्या, चौथीत तीन, पाचवीत चार. अशा आठ फेऱ्या करा. आठवीत मधे सात साखळ्या येतील. सूर्याचे किरण निघाल्यासारखी नक्षी आपोआप होते.

यातलं गणित मी वर्गात फळ्यावर मांडते. पहिल्या फेरीत २४ टाके, दुसरीत ३६, तिसरीत ४८. दर फेरीला बरोबर १२ वाढतात. खांबाच्या टाक्यात गोल वस्तू सपाट राहायची तर साधारण बाराच वाढावे लागतात. कमी वाढले तर वाटी होते, जास्त वाढले तर झालर. ज्या भगिनींचा रुमाल कडेनं फुगतो त्या इस्त्रीला दोष देतात. दोष मोजणीचा असतो. आणि वाटी होते तेव्हाही रडायचं कारण नाही, कारण टोपी नेमकी अशीच बनते. वरचा गोल सपाट करत आणायचा, डोक्याएवढा झाला की वाढ थांबवायची, की भिंत आपोआप खाली उतरते.

झाकणाची शेवटची फेरी मण्यांची. इथं नवशिक्या हमखास चुकतात. मणी नंतर क्रोशाच्या सुईनं ओवता येत नाहीत, ते आधी दोऱ्यात भरावे लागतात. म्हणून आठवी फेरी संपली की दोरा तोडा, त्यात बारा काचेचे मणी ओवा आणि तो दोरा पुन्हा जोडा. प्रत्येक पोकळीत चार मुके खांब, मग तीन साखळ्या, त्यातली मधली साखळी घालताना एक मणी वर सरकवून घ्यायचा, परत चार मुके खांब. जोडीच्या डोक्यावर एक-एक मुका खांब. बारा पोकळ्या, बारा मणी. प्लॅस्टिकचे मणी घेऊ नका. हलके असतात, आणि दोन धुण्यांत त्यांचा रंग जातो. धुतल्यावर साबुदाण्याच्या पातळ खळीत बुडवून, जुन्या उशीवर टाचण्यांनी ताणून सावलीत वाळवा. या ताणण्याचा कंटाळा करू नये. जाळी उमलते ती तिथंच.

झाकणाशिवायही पुष्कळ करता येतं. ओढणीची विरलेली कड कापून तिथं दोन बोटांची लेस लावली तर ओढणी आणखी दोन वर्षं जाते. भाजी आणायला जाळीची पिशवी होते. तिच्यात कांदे-बटाटे तसेच टांगून ठेवले तर वारा लागतो आणि सडत नाहीत. जुझदानाला कडेनं बारीक लेस लावली तर शिवण झाकली जाते आणि कापडाचे धागेही निघत नाहीत. साबणाच्या उरलेल्या चिपट्यांसाठी जाड दोऱ्याची छोटी थैली करा, फेसही चांगला येतो.

ओढणीच्या कडेवरून आठवलं. तुर्कस्तानात बायकांच्या डोक्यावरच्या रुमालाला अशी बारीक लेस लावायची जुनी रीत आहे. तिला तिथं 'ओया' म्हणतात. कुणी ती शिवणाच्या सुईनं करतात, कुणी क्रोशाच्या सुईनं, कुणी मणी घालून. फुलं, पानं, फळं अशा नक्ष्या असतात आणि जुन्या काळी त्या नक्ष्यांतून बायका मनातलं सांगत, असं मानतात. लाल मिरच्यांची ओया लावलेली सून दिसली की समजायचं, नवऱ्याशी काही तरी बिनसलंय. मी हे घरी सांगितलं तेव्हा मुलांचे अब्बा म्हणाले, "तुझ्या ओढणीला काय लावलंयस ते आधी दाखव." ओढणीला त्या वेळी साधी शंखाची कड होती. ते सुटले.

दोन सुयांवरच्या विणकामातही जाळी होते. तिची युक्ती एवढीच की दोरा सुईवरून पुढे घेऊन एक टाका वाढवायचा आणि शेजारी दोन टाके एकत्र विणून एक कमी करायचा. वाढलेल्या जागी भोक पडतं, एकूण टाके तेवढेच राहतात. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड नावाची बेटं आहेत. तिथल्या बायका या रीतीनं लोकरीच्या शाली विणत. इतक्या तलम की पूर्ण शाल बोटातल्या अंगठीतून ओढून काढता येते. रशियातल्या ओरेनबर्गच्या शालींचीही तीच ख्याती. आपल्या हवेला एवढी लोकर लागत नाही. बाळाची कानटोपी आणि थंडीतला एखादा मफलर, इथवरच मी सुयांची वाट चालते. बाकी काम सुती दोऱ्यात आणि क्रोशानं.

आता टोपीकडे येते, कारण माझी खरी गोष्ट तिथं आहे.

पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळी आहे. मणी, दोरे, सुया यांसाठी मी तिथं जाते. बीएडला असताना माझी एक बोहरा मैत्रीण होती. तिच्या घरी पहिल्यांदा मी त्यांची टोपी जवळून पाहिली. पांढरा दोरा आणि सोनेरी कसब. दुकानात पाहिली तर भरतकाम केलंय असं वाटतं. पण ती क्रोशाच्या बारीक पोलादी सुईनं घरातल्या बायका विणतात. सोनेरी पट्टा विणीतूनच निघतो, वरून शिवलेला नसतो. मैत्रिणीची अम्मी ती टोपी धुऊन, खळ देऊन, मापाच्या डब्यावर चढवून वाळवत होती. मी विचारलं, "किती दिवस लागले?" त्या म्हणाल्या, "दिवस नको विचारूस बेटी. घरातल्या माणसाच्या डोक्यावर जाणार आहे, तिथं दिवस कोण मोजतं?"

उत्तर सुंदर होतं. घरातल्या माणसापुरतं ते बरोबरही आहे. पण हेच उत्तर बाजारात घेऊन गेलं की काय होतं ते मला तीन वर्षांपूर्वी कळलं.

रमजानला दोन-अडीच महिने होते. पुण्याचा एक व्यापारी ओळखीतून आला. त्याला हातानं विणलेल्या पांढऱ्या नमाजी टोप्या हव्या होत्या. २०० टोप्या, दोरा त्याचा, मजुरी टोपीमागे ४५ रुपये. आमच्या गल्लीत क्रोशा येणाऱ्या सहा जणी. बोलणी मी केली. मी शिकलेली, नोकरी करणारी, म्हणून सगळ्यांनी मला पुढे केलं होतं. तो ४० म्हणत होता, मी ४५ वर आणलं आणि घरी येऊन मोठ्या अभिमानानं सांगितलं, "घरबसल्या नऊ हजार!" सगळ्या खूश. बाहेर जायचं नाही, कुणाचं ऐकायचं नाही, फावल्या वेळात काम.

तो फावला वेळ कुठून आला ते पुढच्या दोन महिन्यांत दिसलं. शेजारच्या खाला पहाटे फजरनंतर बसायच्या आणि रात्री सगळी झोपल्यावर परत बसायच्या. त्यांची मान धरली. एकीच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. मी शाळेतून येऊन पेपर तपासायचे सोडून टोपी घ्यायची. एका रात्री माझी धाकटी, तेव्हा सातवीत होती, वेळ-काम-मजुरीची उदाहरणं सोडवत शेजारी बसली होती. तिनं सहज विचारलं, "अम्मी, एका टोपीला किती तास लागतात?" मी म्हटलं, सात तरी. तिनं वहीच्या कडेला भागाकार केला. ४५ भागिले ७. तासाला साडेसहा रुपयेसुद्धा नाहीत. तिनं वही माझ्याकडे फिरवली आणि काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

ईदच्या आधी मी पुण्यात त्याच टोप्या एका दुकानात पाहिल्या. २२० रुपये. त्या व्यापाऱ्यानं मला फसवलं असं मी म्हणणार नाही. भाव त्यानं आधी सांगितला होता आणि पैसे वेळेवर दिले. हिशेब न करता 'हो' मी म्हटलं होतं. सहा बायकांच्या वतीनं.

नंतर मला मारिया मीस नावाच्या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंच्या पुस्तकाची माहिती मिळाली. आंध्र प्रदेशात पश्चिम गोदावरी भागात नरसापूर म्हणून गाव आहे. एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनऱ्यांनी तिथल्या बायकांना क्रोशा शिकवला आणि पुढं तिथली लेस परदेशात जाऊ लागली. मीस बाईंनी तिथं राहून अभ्यास केला. पुस्तक १९८२ मध्ये आलं. त्यांना जे दिसलं ते वाचताना आमची गल्ली डोळ्यांपुढं येते. बायका दिवसाचे कित्येक तास लेस विणत होत्या, शिवाय घरचं सगळं काम होतंच. पण त्यांना कामगार कुणी म्हणत नव्हतं, त्या स्वतःही म्हणत नव्हत्या. त्या 'गृहिणी' होत्या, रिकाम्या वेळात काही तरी करणाऱ्या. यातल्या पुष्कळ जणी घराबाहेर पडायचं नाही अशा रीतीच्या घरांतल्या होत्या, ती रीत त्यांच्या इज्जतीची खूण होती, आणि त्याच रीतीमुळं त्यांना बाजार कधी दिसत नव्हता. बाजार पुरुषांच्या हातात. लेस कुठं जाते, कितीला विकली जाते, हे विणणारीला ठाऊक नाही. मजुरी कमी का? कारण तो 'फावला वेळ' होता. आणि फावल्या वेळाला भाव नसतो.

पडद्यात राहून इज्जतीची कमाई, असं आपल्याकडेही म्हणतात. मी त्याच्या विरुद्ध नाही. घरी बसून काम करणं अनेक भगिनींना सोयीचं आहे, लहान मुलं असतील तर तेच शक्य आहे. माझं म्हणणं एवढंच की बाई घरात बसली म्हणून घड्याळ थांबत नाही. आयर्लंडमध्ये १८४५ नंतर बटाट्याचं पीक गेलं आणि भयंकर दुष्काळ पडला, तेव्हा क्रोशाच्या लेसवर कित्येक कुटुंबांनी दिवस काढले. तेव्हा ते कुणी छंद म्हणून करत नव्हतं. नरसापूरच्या लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे त्या नावानं दुसरीकडचा माल विकता येणार नाही. चांगली गोष्ट आहे. त्यातला वाटा सुई धरणाऱ्या बोटांपर्यंत किती पोहोचतो, ते बघायचं.

दुसऱ्या वर्षी व्यापारी परत आला. आम्ही नाही म्हटलं. सहा जणींनी मिळून ४० टोप्या स्वतःच करायचं ठरवलं. प्रत्येकीनं वहीत तास लिहायचे, हा नियम केला. खाला लिहायला तयार नव्हत्या. "अगं, नातवाला झोपवता झोपवता विणते, ते तास कसले?" मी म्हटलं, "खाला, तेही लिहा." तासाला २५ रुपये धरले. ते काही मोठं नाही, पण साडेसहाच्या जवळजवळ चौपट आहे. सात तासांचे १७५, दोऱ्याचे ३५, टोपी २१० ला. नातेवाईक, शाळेतले सहकारी, आठवडे बाजारात एक दिवस मांडलेलं दुकान, असं करून २९ टोप्या गेल्या. ११ उरल्या. त्या आम्ही घरातल्या मुलांना ईदीत दिल्या. एक गृहस्थ टोपी उलटी-पालटी करून म्हणाले, "मशीनची तीस रुपयांत मिळते." मी म्हटलं, "मिळते, ती घ्या, चांगली असते." खरंच, नुसती डोकं झाकायला टोपी हवी असेल तर मशीनची घ्यावी. हातची घ्यायची तर ती हातची आहे म्हणून घ्यावी आणि हाताचे पैसे द्यावेत. मधला रस्ता मला सापडलेला नाही. या धंद्यात कुणी श्रीमंत होणार नाही, हेही सांगून टाकते. पण त्या वर्षी कुणाची मान धरली नाही.

मग मला वाटलं, हा भागाकार माझ्या मुलीनं केला, मी का केला नाही? मी तर शिक्षिका. कारण विणकाम मी पेटीच्या कप्प्यात ठेवलं होतं आणि गणित शाळेच्या. हे दोन कप्पे एक करावेत असं सांगणारे आपल्यातलेच एक मोठे गुरुजी होऊन गेले. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला गांधीजींनी शिक्षणपरिषद बोलावली, आणि मुलांचं शिक्षण एखाद्या हस्तव्यवसायाभोवती कसं गुंफायचं याचा आराखडा करायला जी समिती नेमली तिचे अध्यक्ष जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसेन होते. पुढे १९६७ मध्ये ते राष्ट्रपती झाले. बीएडला हे आम्ही पाच मार्कांचं उत्तर म्हणून पाठ केलं होतं. आणि इतकं लांब तरी कशाला जायचं? आमच्याच शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. वेल्डिंग, शेती, बांधकाम हातानं करत करत मुलं विज्ञान शिकतात. शिक्रापुरात राहून मी वर्षानुवर्षं पाबळचा फाटा ओलांडत होते आणि तास मात्र फळ्यावरच घेत होते.

आता कार्यानुभवाच्या तासाला आम्ही जाळीचं झाकण करतो. मुलं आणि मुली दोघंही. सुरुवातीला मुलगे हसले. "मॅडम, हे बायकांचं काम." मी त्यांना म्हटलं, मासे धरायचं जाळं कोण विणतं ते विचारून या. दर फेरीला बारा वाढवायचे, हे समजल्यावर वर्गात शांतता पसरते. अशी शांतता मला भूमितीच्या तासाला कधी मिळाली नाही. झाकण झालं की वहीत तीन आकडे लिहायचे: दोरा किती रुपयांचा, तास किती, आणि आपण हे कितीला देऊ. तिसऱ्या आकड्यावर भांडणं होतात. होऊ देते.

गेल्या उन्हाळ्यात सातवीतल्या एका मुलानं दोन झाकणं जास्त करून नेली. त्याच्या अब्बांची नगर रस्त्याला रसवंती आहे. उसाच्या रसाच्या मोठ्या भांड्यावर एक, बर्फाच्या डब्यावर एक. चार दिवसांनी तो दोन्ही परत घेऊन आला. मला वाटलं, उसवली असतील.

"मॅडम, कंटेनर गेला की उडतंय," तो म्हणाला. "बारा मणी पुरत नाहीत. चोवीस लागतील, आणि मोठे."

मी विचारलं, मग गणितात काय बदलायचं? त्यानं थोडा विचार केला. प्रत्येक पोकळीत एकाऐवजी दोन मणी, मधे दोन मुके खांब, आणि मुके खांब दोन्हीकडचे एकेक कमी. मी मनात मोजून पाहिलं. बरोबर होतं. शनिवारी शाळा सुटल्यावर एसटी धरली आणि बोहरी आळीतून मोठे काचेचे मणी आणले, हिरवे.